मुष्टियोद्ध्याचा श्रमश्वास : निदान, व्यायामयोजना व औषधविवेक

महाराष्ट्रातील वैद्याला पहिलवान नवा नाही. तालमीतील खुराक, दूध, बदाम, थंडाई, मेहनतीनंतरचे तेल-मालीश या विषयांवर सल्ला देण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गेल्या काही वर्षांत मात्र चिकित्सालयात मुष्टियोद्धेही येऊ लागले आहेत. विजेंदर सिंग यांनी २००८ साली बीजिंग येथे भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. २०१२ साली लंडन येथे मेरी कोम यांनी आणि टोकियो स्पर्धेत २०२१ साली लवलिना बोर्गोहाइन यांनी कांस्यपदक पटकावले. त्यानंतर हा खेळ लहान शहरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचला. पुण्यात २००१ साली स्थापन झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही मुष्टियुद्धाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण दिले जाते.

या खेळाडूंची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : ‘दुसऱ्या फेरीनंतर दम उरत नाही, दम वाढवणारे काही औषध द्या.’ तक्रार साधी वाटते, परंतु तिचे उत्तर देताना वैद्याकडून तीन प्रकारे हानी होण्याची शक्यता असते. श्वासाचा खरा व्याधी निदानातून सुटू शकतो. वजनगटात बसण्यासाठी केलेल्या उपवासाचे व रेचनाचे दुष्परिणाम औषधाने झाकले जाऊ शकतात. तिसरी हानी अशी की, सद्हेतूने दिलेल्या एखाद्या कल्पातील द्रव्यामुळे खेळाडूवर उत्तेजकसेवनाचा ठपका येऊन त्याची काही वर्षे वाया जाऊ शकतात. या तिन्ही बाजूंचा विचार चिकित्सक व औषधनिर्माते या दोघांच्या दृष्टीने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप

ऑलिम्पिक पद्धतीच्या मुष्टियुद्धात प्रत्येकी ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या असतात आणि दोन फेऱ्यांमध्ये १ मिनिटाची विश्रांती मिळते. म्हणजे एकूण ११ मिनिटांत ९ मिनिटांचे प्रत्यक्ष युद्ध. एकेक प्रहार निमिषमात्राचा आणि स्फोटक असतो; म्हणून या खेळाला केवळ क्षणिक बल पुरते, असा समज होतो. वस्तुतः लढतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा वाटा प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या ज्वलनातून येतो. प्रहाराची तात्कालिक शक्ती स्नायूंमधील साठ्यातून येते हे खरे, परंतु तो साठा दोन प्रहारांच्या मधल्या काळात पुन्हा भरण्याचे काम प्राणवायूवर अवलंबून असते. ज्याचा हा पाया कच्चा, त्याचे हात पहिल्या फेरीत वेगवान आणि तिसऱ्या फेरीत जड होतात.

निरोगी तरुणाच्या बाबतीत फुप्फुसे ही सहसा मर्यादा नसते. तीव्र श्रमातही ती रक्ताला पुरेसा प्राणवायू देऊ शकतात. मर्यादा पडते ती हृदयाच्या क्षेपणशक्तीची आणि स्नायूंच्या ग्रहणशक्तीची. धाप लागते तेव्हा तिच्यामागे मुख्यतः रक्तात वाढलेला कर्बवायू व अम्लता यांची चेतना असते. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय व महास्रोतस असल्याचे सांगितले आहे. श्वासाचा विचार छातीच्या भात्यापुरता न ठेवता हृदयापर्यंत नेणारी ही दृष्टी खेळाडूच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते. महास्रोतसाचा उल्लेखही अर्थपूर्ण आहे. भरल्या पोटी मध्यपटलाची हालचाल आखडते आणि रिकाम्या पोटी व्यायाम केल्यास इंधन संपते. प्राणवह स्रोतसाच्या दुष्टिकारणांत क्षय, वेगधारण, रूक्षता आणि क्षुधित अवस्थेत केलेला व्यायाम यांचा निर्देश आहे. वजन घटवणाऱ्या मुष्टियोद्ध्यामध्ये ही चारही कारणे एका आठवड्यात एकत्र आलेली दिसतात.

क्षुद्रश्वास की तमकश्वास?

चिकित्सास्थानातील हिक्काश्वास अध्यायात पाच श्वास वर्णिले आहेत. त्यांपैकी क्षुद्रश्वास हा रूक्षता व आयास यांपासून होणारा, फारसा पीडा न देणारा व साध्य असा सांगितला आहे. खेळाडूला श्रमानंतर लागणारी स्वाभाविक धाप याच जातीची असते. ती श्रमाच्या प्रमाणात असते, विश्रांतीने काही मिनिटांत शमते, तिच्यात घुरघुर नसते आणि रात्रीची झोप मोडत नाही. तिला औषधाची गरज नाही. योजनाबद्ध अभ्यासाची आहे.

तमकश्वासाचे चित्र वेगळे असते. त्याच्या हेतूंमध्ये धूळ, धूर, शीत वारा, शीत जल यांच्यासोबत व्यायामही गणलेला आहे. आधुनिक वैद्यकात व्यायामजन्य श्वासनलिकासंकोच म्हणून जी अवस्था ओळखली जाते तिच्याशी हे वर्णन चांगले जुळते. तिचा एक महत्त्वाचा विशेष असा की, त्रास पुष्कळदा व्यायाम थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत वाढतो. खेळाडू सांगतो की सराव संपल्यावर खोकला सुरू होतो, छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो. थंडीतील पहाटेची धाव, धुळीचे मैदान, कोंदट व्यायामशाळा यांत तो वाढतो. अशा खेळाडूला ‘दम कमी आहे, आणखी पळ’ असे सांगणे घातक ठरू शकते. श्वासमापन चाचणी करून घ्यावी. व्यायामानंतर पहिल्या सेकंदातील उच्छ्वासाचे मान १० टक्के किंवा अधिक घसरले तर निदानाला बळकटी येते. जो खेळाडू फवाऱ्याचे औषध घेत असेल, त्याचे ते औषध आपल्या चिकित्सेच्या भरवशावर एकाएकी बंद करू नये.

तिसरी शक्यता पांडुरोगाची. श्रमाने श्वास लागणे, हृद्द्रव, पिंडिकोद्वेष्टन, उत्साहहानी ही लक्षणे खेळाडू ‘स्टॅमिना कमी झाला’ या एका शब्दात सांगतो. मुलींमध्ये, शाकाहारी खेळाडूंमध्ये आणि वारंवार वजन घटवणाऱ्यांमध्ये लोहाची कमतरता आवर्जून शोधावी. रक्तरंजकाचे प्रमाण स्त्रियांत १२ व पुरुषांत १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर आधी पांडूची चिकित्सा करावी. रक्तरंजक सामान्य असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. म्हणून शक्य असल्यास फेरिटिनची चाचणी करावी. रक्तच हीनगुण असता श्वसनाचे व्यायाम वाढवून उपयोग होत नाही.

याखेरीज श्रम करतानाच मूर्च्छा येणे, छातीत दुखणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे किंवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे यांपैकी काहीही आढळल्यास सराव थांबवून हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मस्तकावर आघात झाल्यानंतर आलेला थकवा हाही स्वतंत्र विषय आहे. डोकेदुखी, प्रकाश असह्य होणे, विसराळूपणा, झोपेतील बदल यांसह ‘दम लागतो’ अशी तक्रार आली तर ती मेंदूच्या आघाताची असू शकते. शिर हे प्रधान मर्म आहे. अशा खेळाडूला बल्य औषध देऊन पुन्हा रिंगणात उतरवणे म्हणजे मर्मोपघाताकडे दुर्लक्ष करणे होय.

अर्धशक्तीचा व्यवहार्य अर्थ

चरकाचार्यांनी अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी यांची गणना केली आहे. सुश्रुत व वाग्भट यांनी अर्धशक्तीने व्यायाम करण्याचा उपदेश केला असून हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागणे हे बलार्धाचे लक्षण सुश्रुताचार्यांनी दिले आहे. स्पर्धेच्या खेळात अर्धशक्ती कशी पाळणार, असा आक्षेप तरुण वैद्य घेतात. पूर्ण लढत अर्ध्या शक्तीने लढता येत नाही, हे उघड आहे. परंतु आठवड्यातील बहुतांश सराव या मर्यादेत ठेवता येतो, आणि सहनशक्तीचा पाया घडवण्याची आजची पद्धतीही हेच सांगते. नाकाने श्वास घेत, सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलत धावता येईल इतका वेग म्हणजे बलार्धाच्या अलीकडचा वेग. तोंड उघडावे लागले, वाक्य तुटू लागले की मर्यादा ओलांडली. कोणत्याही यंत्राविना वापरता येणारी ही कसोटी खेळाडूला समजावून द्यावी.

रोजच पूर्ण शक्तीने सराव करणारा मुष्टियोद्धा काही आठवड्यांत मंदावतो. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद राहू लागते, झोप उथळ होते, भूक मंदावते, चिडचिड वाढते. हे क्लम व क्षयाचे पूर्वरूप समजून सराव कमी करवावा. अशा वेळी प्रशिक्षकाशी बोलणे हेच वैद्याचे पहिले औषध ठरते.

प्रशिक्षकाच्या संमतीने पुढील क्रम योजता येईल. पहिले ४ आठवडे : आठवड्यातून ३ ते ४ दिवस ३० ते ४५ मिनिटांची सावकाश धाव किंवा दोरीउड्या, उरलेल्या दिवशी तंत्राचा सराव. पुढील ४ आठवडे : सावकाश धाव चालू ठेवून आठवड्यातून २ दिवस तीव्र आवर्तने. प्रत्येक आवर्तन ३ मिनिटांचे, आरंभी ४ आवर्तने व मध्ये ३ मिनिटे विश्रांती. हळूहळू विश्रांती कमी करत १ मिनिटापर्यंत आणावी, म्हणजे ती लढतीच्या मापाची होते. दोन तीव्र दिवसांमध्ये किमान एक सौम्य दिवस असावा. स्पर्धेपूर्वीच्या आठवड्यात सरावाचा काळ घटवावा, वेग मात्र टिकवावा. ग्रीष्मात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात, हा क्रम पहाटे किंवा सायंकाळी ठेवावा व त्याची तीव्रता कमी करावी. ऋतुचर्येतील व्यायामसंकोचाचा उपदेश उष्माघाताच्या दृष्टीनेही योग्य आहे.

प्रगती मोजण्यासाठी सोपी पद्धत अशी : ३ मिनिटे ठरावीक गतीने दोरीउड्या माराव्यात, थांबताक्षणी नाडी मोजावी आणि १ मिनिटानंतर पुन्हा मोजावी. या एका मिनिटात नाडी किती उतरते याची नोंद दर पंधरवड्याला करावी. उतार वाढत गेला तर अभ्यास फलदायी होत आहे असे समजावे. फेऱ्यांमधील विश्रांती १ मिनिटाचीच असल्याने ही चाचणी खेळाडूलाही पटते. चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत व्यायामशक्तीची परीक्षा कर्म करण्याच्या क्षमतेवरून करावी असे म्हटले आहे. ही नोंद त्याच परीक्षेचे आजचे रूप आहे.

श्रमश्वासाचे धारण

अधारणीय वेगांमध्ये श्रमजन्य निःश्वासाची गणना आहे. त्याचे धारण केल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात आणि विश्रांती व वातघ्न क्रिया ही त्याची चिकित्सा होय, असे चरकसंहितेत सांगितले आहे. नवख्या मुष्टियोद्ध्याची सर्वांत सामान्य चूक नेमकी हीच असते. प्रहार करताना किंवा अंगावर प्रहार घेताना तो श्वास रोखून धरतो. त्यामुळे छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे येणारे रक्त कमी होते, मान व खांदे ताठरतात आणि दोन-तीन प्रहारांच्या मालिकेतच धाप लागते. फुप्फुसे कितीही समर्थ असली तरी रोखलेला श्वास त्यांच्या उपयोगाचा नसतो.

म्हणून प्रत्येक प्रहाराबरोबर आखूड, तीक्ष्ण उच्छ्वास सोडण्याची सवय लावतात. दातांमध्ये माउथगार्ड असताना हा उच्छ्वास ओठांच्या फटीतून किंवा नाकावाटे फुत्कारासारखा निघतो. प्रहारमालिका संपल्यावर श्वास आपोआप आत येतो. तो मुद्दाम ओढावा लागत नाही. सराव संथ गतीने आरशासमोर सुरू करावा, नंतर पिशवीवर आणि शेवटी प्रतिस्पर्ध्यासमोर करावा. उच्छ्वासाने पोटाचे स्नायू आकुंचन पावत असल्याने अंगावरील प्रहार झेलण्यासही मदत होते.

फेऱ्यांमधील ६० सेकंदांचाही अभ्यास करता येतो. आसनावर बसताच हात मांड्यांवर सैल सोडावेत, खांदे खाली असावेत. पहिले काही श्वास तोंडाने मोकळेपणी सोडू द्यावेत. याच क्षणी श्वास मंद करण्याचा आग्रह धरणे म्हणजे पुन्हा वेगधारण. त्यानंतर नाकाने पोटापर्यंत श्वास घ्यावा आणि ओठ आवळून सावकाश सोडावा. उच्छ्वास प्रश्वासाच्या सुमारे दुप्पट असावा. शेवटच्या काही सेकंदांत एक-दोन खोल श्वास घेऊन उठावे. थोडे पाणी घोटाघोटाने घ्यावे.

प्राणायामाविषयी खेळाडूंत अवास्तव कल्पना असतात. दीर्घ व मंद श्वसनाचा, उदाहरणार्थ मिनिटाला सुमारे ६ श्वासांचा, नियमित अभ्यास मन स्थिर करतो, श्रमानंतरचा शिथिलीभाव सुलभ करतो आणि झोप सुधारतो. अनुलोम-विलोम यासाठी उपयुक्त आहे. परंतु प्राणायामाने धावण्याची जागा भरून निघत नाही. लढतीपूर्वी जोराची भस्त्रिका केल्यास रक्तातील कर्बवायू घटून चक्कर, हातापायांना मुंग्या व अस्थिरता येऊ शकते, ती टाळावी. दीर्घ कुंभकाची स्पर्धा लावू नये. अयुक्त अभ्यासाने हिक्का, श्वास, कास उद्भवतात आणि प्राण क्रमाक्रमानेच वश करावा, असा इशारा हठयोगप्रदीपिकेतही आहे. तोंडावर मुखवटा बांधून पळण्याची पद्धतही मध्यंतरी लोकप्रिय झाली. असा मुखवटा श्वास अडवतो, परंतु उंच प्रदेशातील विरळ हवेचा परिणाम त्याने साधत नाही.

नासिकेची परीक्षा विसरू नये. मुष्टियोद्ध्यात नासापटल वाकणे, जुने अस्थिभंग, सततचा प्रतिश्याय आढळतो आणि त्यामुळे तो कायम तोंडाने श्वास घेतो. अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य अशांना सौम्य साहाय्य करते. ताज्या आघातानंतर किंवा रक्तस्राव चालू असता नस्य देऊ नये. आघातानंतर दोन्ही नाकपुड्या एकाएकी बंद होऊन आत लालसर मऊ सूज दिसली तर ती पटलातील रक्तसंचयाची असू शकते. त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

वजनगट आणि शोधनाचा दुरुपयोग

वैद्याच्या निष्ठेची खरी परीक्षा येथे होते. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन होते आणि काही तासांत लढत असते. शेवटचे दोन-तीन किलो उतरवण्यासाठी खेळाडू पाणी सोडतात, प्लॅस्टिकचे कपडे घालून पळतात, वाफेच्या खोलीत बसतात आणि कधी कधी वैद्याकडे ‘एक जोरदार विरेचन द्या’ अशी मागणी करतात. १९९७ साली अमेरिकेत अशाच मार्गांनी वजन घटवताना महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण सुमारे महिनाभरात मरण पावले आणि त्यानंतर तेथील नियम कठोर करण्यात आले. मुष्टियुद्धात तर निर्जल शरीराने मस्तकावर प्रहार झेलायचे असतात.

शरीरभाराच्या २ टक्के जल घटले तरी सहनशक्ती उतरू लागते. ६० किलोच्या खेळाडूसाठी हे प्रमाण अवघे १.२ किलो आहे. म्हणजे जो दम वाढवण्यासाठी तो वर्षभर राबला, तो एका रात्रीत गमावतो. श्रांत, तृषित व क्षुधित व्यक्ती स्वेदनास अयोग्य असल्याचे चरकसंहितेत स्पष्ट आहे. विरेचन हे दोषशोधनाचे कर्म आहे. स्नेहन, स्वेदन व संसर्जनक्रम यांशिवाय केवळ काट्यावरील आकडा उतरवण्यासाठी ते देणे शास्त्रविरुद्ध आहे. अशी मागणी स्पष्ट शब्दांत नाकारावी. मेद कमी करायचा असल्यास तो स्पर्धेच्या अनेक आठवडे आधीपासून, आहाराच्या मात्रेतून व सावकाश करावा. वाढत्या वयाच्या खेळाडूस वरच्या वजनगटात जाण्याचा सल्ला द्यावा.

येथे यष्टिमधूचा विशेष उल्लेख करावासा वाटतो. कास व स्वरभेदावर आपण ते सहज देतो. दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास ते रक्तदाब वाढवते व रक्तातील पोटॅशियम घटवते. आधीच रेचन, स्वेदन व उपवास यांनी क्षार गमावलेल्या खेळाडूत ते स्नायुदौर्बल्य व हृदयाच्या गतीतील बिघाड घडवू शकते. वजन घटवण्याच्या काळात ते टाळावे.

आहार व औषधी

श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये पाहावीत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक. यांतील बहुतेक फळे, ऊस व धान्ये आहेत. श्रमाने रिक्त झालेला शर्करेचा साठा भरून काढणे हेच आजच्या क्रीडा-आहारशास्त्राचेही पहिले सूत्र आहे. सरावानंतर द्राक्षा-खर्जूराचे मंथ, डाळिंबाचा रस, साठेसाळीचा भात, मुगाचे वरण व दूध अशी योजना स्वस्त, सुरक्षित व सर्वत्र उपलब्ध आहे. भरपेट भोजन व तीव्र सराव यांत सुमारे ३ तासांचे अंतर असावे. सरावापूर्वी व नंतर वजन करावे. जेवढे किलो घटले तेवढे लिटर, किंवा त्याहून थोडे अधिक पाणी किंचित मिठासह पुढील काही तासांत भरून काढावे. तालमीतील तुपाबदामांचा खुराक वजनगटात बांधलेल्या मुष्टियोद्ध्याला जसाच्या तसा मानवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बल्य महाकषायातील अश्वगंधा या संदर्भात सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. काही लहान चाचण्यांत तिच्या सेवनाने प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता वाढल्याचे दिसले आहे. चाचण्यांचा आकार पाहता हा निष्कर्ष आशादायक म्हणावा, अंतिम नव्हे. मूळचूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधासह, अग्निबल पाहून द्यावे. क्वचित यकृतविकृतीच्या नोंदी असल्याने कामलेचा इतिहास विचारावा. ज्याला तमकश्वास आहे त्याची चिकित्सा त्या व्याधीची म्हणूनच करावी. निरोगी खेळाडूस श्वासहर कल्प दिल्याने त्याचा दम वाढत नाही.

उत्तेजकांचा प्रश्न : चिकित्सक व औषधनिर्माता

‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे चालते’ हा समज खेळाडूंत खोलवर रुजला आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ते कोणी व कोणत्या हेतूने दिले यावरून दोष पुसला जात नाही. भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था हे काम पाहते व २०२२ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिष्ठान मिळाले आहे. निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. म्हणून मागील वर्षीच्या माहितीवर विसंबू नये.

आपल्या व्यवहारातील पुढील द्रव्ये विशेष लक्षात ठेवावीत. सोमलता : काही श्वासघ्न उत्पादनांत वापरली जाते. तिच्यातील एफेड्रीन स्पर्धाकाळात मूत्रामध्ये प्रति मि.लि. १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास निषिद्ध ठरते. विषमुष्टी म्हणजे कुचला : त्यातील स्ट्रिकनीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुचला असतो, आणि अग्निमांद्यावर अग्नितुंडी देताना उत्तेजकाचा विचार आपल्या मनातही येत नाही. भंगा : जातिफलादी चूर्णासारख्या कल्पांत असते. अहिफेन : त्यातील मॉर्फिन. ही दोन्हीही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. हिजेनामीन : हे २०१७ पासून नावानिशी यादीत असून सर्वकाळ निषिद्ध आहे. ते वत्सनाभाच्या काही जातींत, कमळाच्या काही भागांत आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या वनस्पतीत आढळते.

शेवटचे नाव औषधनिर्मात्यांसाठी महत्त्वाचे आहे. आपली गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दिसण्यात जवळची असलेली क्रिस्पा तिच्या नावाने बाजारात येण्याचा धोका आहे, आणि आयुष मंत्रालयाने २०२२ साली या दोन वनस्पतींतील भेदाकडे लक्ष वेधले होते. गुडूची ही रसायन म्हणून सर्रास दिली जाते. कच्च्या मालाची ओळख न पटवता घेतलेले एक पोते खेळाडूच्या दृष्टीने निर्दोष औषधाला सदोष करू शकते.

औषधनिर्मात्यांनी पुढील दक्षता घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ नुसार घटकद्रव्ये लेबलावर पूर्ण द्यावीत. अनुसूची ई (१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना असावी. कुचला किंवा भंगा असलेल्या कल्पांनंतर तीच चक्की, तेच मिश्रणपात्र इतर औषधांसाठी वापरताना अनुसूची टी मधील स्वच्छतेचे नियम कसोशीने पाळावेत, कारण तपासणीची आधुनिक यंत्रे अत्यल्प अवशेषही दाखवतात. प्रत्येक घाण्याचा नमुना जपून ठेवावा. आक्षेप आल्यास तोच खेळाडूचा व निर्मात्याचा पुरावा असतो. ‘खेळाडूंसाठी सुरक्षित’ असे वेष्टनावर छापण्यापूर्वी त्या घाण्याची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी झालेली असावी. दम वाढवण्याच्या नावाखाली अज्ञात ‘अर्क’ किंवा तयार भुकटी मिसळण्याचा मोह टाळावा.

चिकित्सकाने खेळाडू रुग्णाच्या केसपेपरवर प्रथमच ‘स्पर्धक खेळाडू’ असा ठळक शेरा मारावा. पुढील स्पर्धेची तारीख, वजनगट, सध्याचे वजन, घेत असलेली सर्व औषधे व भुकट्या, मस्तकावरील शेवटचा आघात, मुलींमध्ये रजःप्रवृत्तीची नियमितता या गोष्टी विचाराव्यात. दिलेल्या औषधाचे पूर्ण नाव, निर्माता व घाणा क्रमांक लिहून द्यावा. पुडीतील अनामिक चूर्ण खेळाडूस कधीही देऊ नये. निषिद्ध द्रव्य चिकित्सेसाठी अपरिहार्य असल्यास खेळाडूने उपचारार्थ वापराची रीतसर परवानगी घ्यावी. शंका असेल तेथे एकौषधी, ओळख पटलेले द्रव्य किंवा केवळ आहारयोजना पसंत करावी.

चरकाचार्यांनी बल सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध सांगितले आहे. पहिली दोन आपल्या हाती नाहीत. तिसऱ्यात आहार व चेष्टा यांची योग्य योजना येते, आणि मुष्टियोद्ध्याचा दम वाढतो तो तिच्यातूनच. निदान चुकू न देणे, निर्जल शरीराला रिंगणात जाऊ न देणे आणि संशयित द्रव्य त्याच्या हाती न देणे एवढे वैद्याने सांभाळले, तर उरलेले काम खेळाडूचा अभ्यास व त्याचा प्रशिक्षक करू शकतात.